दारं लावून घेतलेलं प्रवचन

सहाव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहरात सीझेरियस नावाचा एक बिशप होता आणि त्याची माणसं शुभवर्तमानाचं (बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं) वाचन झालं की प्रवचन सुरू व्हायच्या आत चर्चमधून हळूच सटकायची. म्हणजे "मेन झालं, आता नुसतं बोलणं आहे, चला" हा प्रकार चौदा-पंधराशे वर्षं जुना आहे. तर या बिशपने काय करावं, वाचन संपलं की दारंच लावून घ्यायला सांगितली. एकदा रागाच्या भरात नाही, बऱ्याच वेळा. त्याच्या ओळखीतल्या लोकांनीच तो गेल्यावर थोड्या वर्षांत त्याचं चरित्र लिहिलं, त्यात हे आहे, आणि पळणाऱ्यांच्या मागे तो कसा ओरडायचा तेही आहे, अरे बाळांनो कुठे चाललात, थांबा, आत्म्यासाठी दोन शब्द ऐका, न्यायाच्या दिवशी ही संधी मिळायची नाही. चरित्रकार लगेच सारवासारव करतात की पुढे पुढे तेच पळपुटे या सक्तीवर खूश झाले. असतील बाबा.

मी काही थिऑलॉजीवाली नाही. लॅटिन येत नाही, जे वाचते ते इंग्रजी भाषांतरातून वाचते. पण नोकरीत मला ट्रेनिंग घ्यावी लागतात, तासभर उभं राहून बोलायचं आणि समोरच्या रांगेत दोघं टेबलाखाली मोबाइल बघतायत हे दिसत असतानाही बोलत राहायचं, त्यामुळे दार लावून घेणाऱ्या माणसाबद्दल एकदम आपुलकीच वाटली आणि मग त्याची प्रवचनं वाचायला घेतली. तिथून ऑगस्टीन (उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप, सीझेरियसच्या शंभरेक वर्षं आधीचा), मग पोप ग्रेगरी (सहाव्या शतकाच्या शेवटचा), मग बीड (आपल्या बीडशी काही संबंध नाही, इंग्लंडमधला मठवासी), आणि आता सहा महिने झाले मी यातच अडकलेय.

सीझेरियस 502 ते 542 अशी चाळीस वर्षं आर्लचा बिशप होता. तेवढ्या काळात शहरावर आधी व्हिसिगॉथ, मग ऑस्ट्रोगॉथ, मग फ्रँक अशी तीन राज्यं येऊन गेली, वेढा पडला, कैद्यांना सोडवायला याने चर्चची चांदी मोडली, आणि या सगळ्यात हा प्रवचनं देतोय. त्याची सव्वादोनशेच्या वर प्रवचनं आज शिल्लक आहेत. छोटी छोटी आहेत, सोप्या लॅटिनमध्ये. आणि त्यातलं देवाधर्माचं जेवढं मनात राहिलं नाही तेवढी समोर बसलेली, खरं तर उभी असलेली, माणसं मनात राहिली. उभीच असायची ना ती. बाक वगैरे काही नाही. ज्यांचे पाय दुखतात त्यांना त्याने बसायची परवानगी दिली, तर थोड्याच दिवसांत धडधाकट बायकाही खाली बसायला लागल्या, बसायला काय, आपल्या अंथरुणात पडावं तशा आडव्या व्हायला लागल्या! आणि आडव्या होऊन गप्पा. तो म्हणतो, नुसत्या पडून ऐकल्या असत्या तरी चाललं असतं. मग त्याचा तो भारी डायलॉग येतो, की समजा आत्ता मी इथे रत्नं, कानातली, सोन्याच्या अंगठ्या वाटायला लागलो तर माझ्या लेकी उभ्या राहतील की नाही? वचन म्हणजे आत्म्याची कानातलीच आहेत, तर ती घ्यायला उभं राहायला काय होतंय.

वाचताना मला हसू आलं आणि थोडा रागही आला, कारण त्या बायका घरातलं सगळं उरकून आलेल्या असणार आणि याला त्यांचं टेकणं दिसतंय. पण त्याच प्रवचनात पुढे तो एक असा प्रश्न विचारतो की मी पान उघडं ठेवून थोडा वेळ तशीच बसले. देवाचं वचन मोठं की ख्रिस्ताचं शरीर? मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य विधीत, ख्रिस्ताचं शरीर म्हणून हातावर घेतलेला भाकरीचा तो घास जमिनीवर पडू नये म्हणून तुम्ही किती जपता, मग वचन कानावर पडत असताना मन भलतीकडे गेलं तर ते खाली सांडलंच ना. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे क्षणात कळतं, कारण हात पुढे करून जपून घेणं त्याने स्वतः केलेलं आहे.

आणि अक्षरओळख नसणं ही सबब तो चालवूनच घेत नाही. म्हणतो, वाचता न येणारे व्यापारी हिशोबासाठी पगारी कारकून ठेवतात की नाही? मग हिवाळ्याच्या रात्री एवढ्या लांब असतात, वाचणारा कोणी गाठा आणि शास्त्र ऐका. पाठ होत नाही म्हणता, पण खेड्यातल्या बायाबापड्यांना प्रेमाची असली-तसली गाणी तोंडपाठ आहेत ती कशी? आता यात दोष दाखवायच्या नादात त्याने नकळत केवढी माहिती देऊन ठेवलीय बघा. गावागावात गाणी होती, ती बायका पाठ म्हणत होत्या. ती गाणी गेली, त्यांच्याबद्दलची तक्रार तेवढी राहिली. चर्चमध्ये गप्पा होऊ नयेत म्हणून त्याने लोकांनाच स्तोत्रं म्हणायला लावली, काहींनी लॅटिनमध्ये, काहींनी ग्रीकमध्ये. तोंड कामात राहिलं की गप्पा बंद.

याची प्रवचनं बरीचशी याची नव्हतीच, हेही सांगायला पाहिजे. ऑगस्टीनची घ्यायची, लांबलचक वाक्यं कापायची, अवघड भाग काढायचा, शेवटी आपल्या गावाचं चार ओळींचं जोडायचं. सरळ कॉपी-पेस्ट. आणि स्वतःची प्रवचनंही तो अशीच वाटायचा, गॉल (म्हणजे आजचं फ्रान्स), इटली, स्पेनमधल्या बिशपांना पाठवायचा, घ्या आणि वापरा. 529 मध्ये वेझों इथे त्याच्या पुढाकाराने धर्मसभा झाली, तिथे ठरलं की नुसत्या बिशपनेच नाही तर खेड्यापाड्यातल्या साध्या धर्मगुरूनेही प्रवचन द्यायचं, आणि तो आजारी असेल तर डीकनने, म्हणजे त्याच्या मदतनिसाने, ऑगस्टीनसारख्या जुन्या आचार्यांचं लिहिलेलं वाचून दाखवायचं. कोणी नाक मुरडलं तर त्यावर उत्तर तयार होतं: जो ख्रिस्ताचे शब्द वाचायला लायक आहे तो आचार्यांचे शब्द वाचायला नालायक कसा? याच्या बरोब्बर उलट स्वभाव दोनशे वर्षांनी बीडचा. त्याने लूकच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिलं तेव्हा कुठलं वाक्य कोणाचं हे समासात आद्याक्षरं घालून दाखवलं, ऑगस्टीन, अ‍ॅम्ब्रोज, ग्रेगरी, जेरोम, कारण कोणी आपल्याला चोर म्हणेल ही त्याला धास्ती. पोथी उतरवून घेणाऱ्यांना हात जोडून विनवलं की ही अक्षरं गाळू नका. त्यांनी बहुतेक ठिकाणी गाळलीच.

आता अर्थ लावण्याकडे येते, कारण मी सगळ्यात जास्त अडखळले ती इथे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असतो, यरुशलेमहून यरीहोला जाताना वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस, दोघं जण बघून पुढे जातात आणि तिसरा परका माणूस त्याला उचलून उतारशाळेत नेतो. साधी गोष्ट, 'माझा शेजारी कोण' या येशूला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. ऑगस्टीन ती उघडतो तेव्हा काय होतं? तो जखमी माणूस म्हणजे आदाम. यरुशलेम म्हणजे स्वर्गातलं नगर जिथून तो खाली पडला, यरीहो म्हणजे चंद्र, म्हणजे वाढणारं-घटणारं आपलं मरणाधीन आयुष्य. लुटारू म्हणजे सैतान आणि त्याची माणसं. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च, दोन दिनार म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा, आणि उतारशाळेचा मालक कोण तर प्रेषित पौल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी म्हटलं हे जरा अतीच होतंय, मालकालाही सोडला नाही!

त्याहून पुढची पायरी म्हणजे मासे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी शिष्य जाळं ओढतात तर 153 मोठे मासे निघतात. आता आपण म्हणणार, कोणीतरी मोजले असतील, 153 भरले. पण ऑगस्टीन विचारतो की 153 च का. दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दानं, झाले सतरा. आता एक अधिक दोन अधिक तीन असं करत सतरापर्यंत बेरीज करा. मी खरंच कागद घेऊन केली, 153 येते. नियमशास्त्र, म्हणजे त्या दहा आज्ञा, एकट्याने पुरत नाही, आत्म्याची साथ लागते, तेव्हा कुठे जाळं भरतं, असा सगळा अर्थ त्या बेरजेत. पावणेदोनशे एक वर्षांनी ग्रेगरी तेच सतरा घेतो पण बेरीज नाही करत, तिनाने गुणतो, 51, परत तिनाने गुणतो, 153. उत्तर तेच, रीत वेगळी, आणि दोघांनाही यात काही अडचण वाटत नाही!

सुरुवातीला मला हे सगळं रिकामटेकडं वाटायचं. मग एकदा डोक्यात आलं की मी हे खुर्चीत बसून पानावर वाचतेय, आणि ते लोक हे गर्दीत उभं राहून ऐकत होते. ऑगस्टीन हिप्पोला बसून बोलायचा, लोक उभे, ते मध्येच ओरडायचे, टाळ्या वाजवायचे, ओळखीचं वचन आलं की पुढचं स्वतःच म्हणायचे, आणि बाजूला लघुलिपीत लिहून घेणारे बसलेले, म्हणून तर आज ते आपल्यापर्यंत आलंय. त्या गर्दीतल्या माणसाच्या घरी पुस्तक नाही. त्याला जे न्यायचंय ते डोक्यातूनच न्यायचंय. अशा माणसाला उतारशाळा, दोन नाणी, मालक असे एकेक खुंट ठोकून दिले की त्यावर सगळी शिकवण टांगता येते. गोष्ट आधीच पाठ असते, तिच्या प्रत्येक वस्तूवर अर्थ ठेवला की अर्थही पाठ. बोटांवर मोजत सतरापर्यंत बेरीज करणारा माणूस ते घरी जाऊन पोराला दाखवणारच ना. हा माझा अंदाज आहे, कोणा विद्वानाचा निकाल नाही, पण तेव्हापासून मला ते मासे आवडायला लागले.

ऑगस्टीनने स्वतः याबद्दल एक फार प्रामाणिक गोष्ट लिहून ठेवलीय. गीतरत्नात, म्हणजे बायबलमधल्या प्रेमगीतांच्या पुस्तकात, प्रेयसीला म्हटलंय, तुझे दात म्हणजे कातरून धुवून वर आलेल्या मेंढ्यांचा कळप. त्याच्या मते दात म्हणजे चर्चमधले संत, जे लोकांना त्यांच्या चुकांपासून तोडून, चावून मऊ करून चर्चच्या पोटात घेतात. मग तो म्हणतो, हेच साध्या शब्दांत सांगितलं असतं तरी माहिती तेवढीच मिळाली असती, पण संतांना दातांच्या रूपात बघताना मला जास्त गोड वाटतं, का ते मला सांगता येत नाही. एवढा मोठा माणूस, आणि सरळ सांगतो की मजा येते म्हणून.

अर्थात वाट्टेल ते चालतं असं नाही. त्याचा नियम असा की ज्या अर्थाने देवाची आणि शेजाऱ्याची प्रीती वाढत नाही तो अर्थ चुकला. आणि लेखकाच्या मनात नसलेला अर्थ कोणी काढला पण प्रीतीच वाढली तर? तर तो रस्ता सोडून शेतातून चालत गेलेल्या माणसासारखा, पोचला तिथेच जिथे रस्ता जात होता. तरी त्याला सांगायचं की बाबा रस्त्याने जा, सवय लागली तर कधीतरी भलतीकडे जाशील.

हे शेतातून जाणं किती महागात पडू शकतं याचं उदाहरण ग्रेगरीचंच आहे. 591 सालचं त्याचं एक प्रवचन. लूकच्या सातव्या अध्यायात एक पापी बाई येशूच्या पायांवर रडते, सुगंधी तेल ओतते, तिचं नाव दिलेलं नाही. आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया येते, जिच्यातून सात भुतं निघाली. योहानात बेथानीची मरीया आहे, तीही तेल लावते. ग्रेगरीने तिघींना एक केलं, आणि सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण असं सांगून टाकलं. प्रवचन म्हणून ते सुंदर आहे हो, जे अत्तर ती स्वतःच्या अंगाला लावायची तेच आता देवाच्या पायांना, जे जे सुखाला वापरलं ते सगळं अर्पण करून टाकलं, ऐकणाऱ्या पापी माणसाला केवढा धीर येईल. त्याला धीरच द्यायचा होता. पण त्या नादात मग्दालीया मरीया, जी शुभवर्तमानात रिकामी कबर पहिल्यांदा बघायला जाते, ती पश्चिमेकडे जवळजवळ चौदाशे वर्षं पश्चात्ताप करणारी वेश्या म्हणून चित्रांमध्ये केस मोकळे सोडून रडत बसली. पूर्वेकडच्या चर्चने या बायका वेगळ्याच ठेवल्या होत्या. रोमने 1969 मध्ये कॅलेंडर सुधारलं तेव्हा कुठे ती ओळख काढली. एक प्रवचन!

तरी ग्रेगरीवर मला रागावता येत नाही, कारण या सगळ्यांत समोरच्या माणसाचा विचार सगळ्यात बारकाईने त्याने केलाय. धर्मगुरूंसाठी लिहिलेल्या त्याच्या पुस्तकात कोणाशी कसं बोलावं याच्या 36 जोड्या आहेत, गरीब-श्रीमंत, आनंदी-दुःखी, बडबडे-अबोल, नोकर-मालक, अशा. हळू शीळ घातली की घोडा शांत होतो आणि कुत्र्याचं पिल्लू पिसाळतं, म्हणतो. हे वाक्य मी आमच्या ट्रेनिंगच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आणि शास्त्राबद्दलचं त्याचं ते प्रसिद्ध वाक्य, की हे असं पाणी आहे ज्यात कोकरू चालतं आणि हत्ती पोहतो.

तब्येत त्याची कायम बिघडलेली, पोटाचा त्रास, आवाज बसायचा. शुभवर्तमानांवरची चाळीस प्रवचनं आहेत त्यातली सुरुवातीची बरीच त्याने आधी लेखनिकाला सांगितली आणि लेखनिकानेच चर्चमध्ये उभं राहून वाचून दाखवली. मग एका ईस्टरला तो म्हणतो की माझ्या लक्षात आलंय तुमच्यातले काही जण वाचलेलं मनापासून ऐकत नाहीत, तर आज मी वाचून न दाखवता स्वतःच बोलतो. मला हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पोपच्या समोरही लोक वाचून दाखवलेल्याला कंटाळत होते! दुसऱ्याने बनवलेल्या स्लाइड वाचून दाखवताना माझ्या समोरचे चेहरे असेच पडतात.

आणि तो उगाच बोलायचं म्हणून बोलत नव्हता. त्याने एके ठिकाणी कबूल केलंय की शास्त्रातलं बरंच काही मला एकट्याला कळलं नाही, ते भावांसमोर बोलायला उभा राहिल्यावर कळलं. म्हणजे अर्थ आधी खोलीत तयार झाला आणि मग बाहेर वाटला असं नाही, तो समोरच्यांमुळे झाला. मला वाटतं या सगळ्या प्रवचनांची किल्ली इथे आहे, नुसता ग्रंथ म्हणून वाचलं की ती विचित्र वाटतात कारण अर्धा भाग, म्हणजे ऐकणारे, पानावर नाहीत.

पुढे पुढे तर ऐकणाऱ्यांची भाषाच निसटली. सीझेरियसचं लॅटिन आर्लच्या शेतकऱ्याला कळत होतं. 813 मध्ये तूरच्या धर्मसभेला ठराव करावा लागला की बिशपने प्रवचनं लोकांच्या रांगड्या रोमान भाषेत (लॅटिनमधून निघालेली बोली) किंवा जर्मन बोलीत उलगडून सांगावीत, म्हणजे सगळ्यांना कळेल. त्याच सुमाराला फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या सांगण्यावरून पॉल द डीकन नावाच्या मठवाशाने जुन्या आचार्यांच्या प्रवचनांचा मोठा संग्रह केलेला होता, स्वच्छ, चुका काढलेला, लॅटिनमध्ये. तो राहिला. त्यावरून कुठल्यातरी गावात कुठल्यातरी धर्मगुरूने लोकांच्या भाषेत अडखळत जे सांगितलं असेल ते जवळजवळ सगळं हवेत गेलं. दहाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात एल्फ्रिक नावाच्या मठवाशाने इंग्रजीत प्रवचनांच्या दोन माळा लिहिल्या, आणि बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक इंग्रजीत आणताना त्यालाही धाकधूक होतीच, की अडाणी माणूस जुना करार आपल्या भाषेत वाचेल आणि म्हणेल, त्या जुन्या मूळपुरुषांना इतक्या बायका होत्या मग मला का नको. ही भीती त्याला उगाच नव्हती वाटत, लहानपणी त्याला शिकवणाऱ्या धर्मगुरूलाच जुन्या आणि नव्या नियमातला फरक धड माहीत नव्हता.

पण मी सध्या थांबलेय ती ग्रेगरीच्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकावरच्या प्रवचनांपाशी. 593 च्या आसपासची, एकूण 22. त्यातली शेवटची दहा फक्त चाळिसाव्या अध्यायावर आहेत, जिथे संदेष्ट्याला डोंगरावर एक मंदिर दिसतं आणि एक माणूस हातात मोजायची काठी घेऊन सगळं मोजत सुटतो, भिंत, दारं, उंबरे, देवड्या, खिडक्या. अतिशय रूक्ष अध्याय, खरंच, नकाशाचं टिपण वाचल्यासारखा. आणि ग्रेगरी एकेका हाताच्या मापातून अर्थ काढत सावकाश चाललाय, खिडक्या आत रुंद आणि बाहेर अरुंद का, पायऱ्या एकीकडे सात आणि दुसरीकडे आठ का, आणि बाहेर उत्तर इटलीतल्या लोम्बार्ड लोकांचं सैन्य रोमकडे येतंय. मध्येच तो लोकांना सांगतो की बघा कसे दिवस आलेत. शेवटच्या प्रवचनात तो म्हणतो, यापुढे मी बोलायचा थांबलो तर मला कोणी दोष देऊ नका, आपली माणसं हात तुटलेल्या अवस्थेत परत येतायत, कोणी पकडलं गेलंय, कोणी मारलं गेलंय, आता निरूपण करायला जीभ वळत नाही.

त्या अध्यायाच्या 47 व्या वचनात तो माणूस अंगण मोजतो, शंभर हात लांब, शंभर हात रुंद, चौकोनी. ग्रेगरीचं निरूपण तिथवर आलंय. पुढे द्वारमंडप होता, मग खुद्द मंदिर, ते त्याने मोजलंच नाही.